चिंधूच्या बैलाला चार शिंगं

माझा गुणवंतामामा होळीच्या आधी काविळीनं गेला आणि त्याची कॅसेट निघाली नागपंचमीला. म्हणजे माणूस नाही आणि आवाज बाजारात! पांढुर्ण्याच्या बसस्टँडपासून तिगावच्या स्टेशनापर्यंत जिथं जिथं टेपरेकॉर्डर होता, तिथं तिथं मामा बोलत होता. गात नव्हता हं, बोलत होता. ठेक्यावर. मागे बैलाची घुंगरमाळ छन्‌छन्‌ आणि तेलाच्या रिकाम्या पिप्यावर थाप.

ती झडती होती. माझ्या पुण्याच्या आत्याला झडती म्हटलं की पोलीस आठवतात, म्हणून नीट सांगते. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे गावातले सगळे बैल सजून तोरणाखाली येतात. एका बाजूला वरच्या आळीचे, समोर खालच्या आळीचे. मग एका आळीचा माणूस पुढे होतो आणि समोरच्या आळीला यमकात हाणतो. त्यांचे बैल, त्यांचं शेत, त्यांचा सोयरा, कोणालाच सोडत नाही. शेवटी 'हर हर महादेव' अशी आरोळी. ही झाली झडती. समोरच्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. नाही देता आलं तर ती आळी हरली, आणि वर्षभर विहिरीवरसुद्धा लोक तोंडावर हसतात.

मोहगावात वरच्या आळीचा वाघ माझा मामा आणि खालच्या आळीचे वाघ चिंधूकाका. दरवर्षी दोघांची अशी जुंपायची की बैल कंटाळून खाली बसायचे. सासरहून आलेल्या पोरी पुरणपोळी सोडून तिकडे पळायच्या.

कॅसेट भरली तेव्हा मी तिथंच होते. संक्रांतीनंतर मामा कापसाची गाडी घेऊन पांढुर्ण्याला आला होता. कापूस विकला आणि तिथल्या आमच्या घरी न येता सरळ सुरेशभाऊंच्या दुकानात गेला. सुरेशभाऊ रेडिओ दुरुस्त करतात आणि लग्नामुंजीची गाणी कॅसेटमध्ये भरून देतात. मी शाळेतून येताना मामाचा आवाज ऐकला आणि आत घुसले. मामानं बैलाच्या गळ्यातून घुंगरमाळ काढून आणली होती. ती त्यानं माझ्या हातात दिली.

"हालव व पोट्टे. मी थांबलो का तूही थांबजो."

सुरेशभाऊ वायरी जोडता जोडता म्हणाले, "गुणवंताभाऊ, माहा साळा नागपूरले ऱ्हायते. तो सांगत होता, अमेरिकेत काळे पोट्टे असेच बोलतात. गानं नाही, नुसतं ठेक्यावर बोलनं. एकमेकाले टोमने मारतात. त्याच्या रेकॉर्डी निघतात म्हन्ते!"

मामानं विचार केला. "त्याइच्याकडं पोळा असते का?"

"नसंन."

"मंग बिचारे बैलाबिगर कसे करत असतीन?"

मग पिप्यावर थाप मारत त्यानं ती झडती म्हटली. एका दमात, एकदाच.

"मोहगावच्या शिवारात संत्र्याचा बार,
चिंधूच्या बैलाले शिंगं चार,
दोन डोक्यावर, दोन उधार!
धुऱ्यावर बसून बैल मारते गप्पा,
मालक वढते नांगर, बैल म्हन्ते, 'चाल बाप्पा!'
सरकारनं देल्ला खांब, खांबाले तार,
तारेवर कावळा, खाली अंधार,
कावळा पुसते चिंधूले, 'लाइट कधी येनार?'
सांग रे चिंधू, आता तुहीच बारी,
उत्तर नसंन तं बैल धाड माघारी!
हर हर महादेव!"

मी इतकी हसले की घुंगरमाळ थांबवायची विसरले. ती कॅसेटमध्ये शेवटी एकटीच छन्‌छन्‌ करते ती माझ्यामुळे.

"हे पोळ्यापर्यंत कोनाले आयकवू नको," मामानं सुरेशभाऊंना बजावलं. "पोळ्याले तोरनाखाली भोंग्यावर लावू. चिंधूले वाटंन मी उभा आहो, आन मी मांगून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवीन. त्याचं तोंड पाह्यजो मंग!"

महिनाभरात मामा गेला.

जयवंतामामीनं कॅसेट काढायला हो म्हटलं हीच मोठी गोष्ट होती. पण सुरेशभाऊंनी घोळ केला, पोळ्यापर्यंत थांबले नाहीत ते तर वेगळंच. वाईट मनानं नाही, उलट फारच चांगल्या मनानं. कव्हरवर मामाचा फोटो, फोटोला हार, वर 'कै.' आणि खाली दोन जळत्या उदबत्त्या. आता असं कव्हर पाहिल्यावर माणूस काय करणार? हात जोडणार! तिगावच्या स्टेशनावर चहावाल्यानं टेपरेकॉर्डरसमोर नारळ ठेवला. सावसरच्या बाजारात तर मी स्वतः पाहिलं, एक म्हातारे टोपी काढून उभे, डोळे मिटलेले, आणि भोंग्यातून मामा सांगतोय की चिंधूच्या बैलाला शिंगं चार.

आमच्या घरीही तेच. आईनं शेजारच्या बायकांना बोलावलं, सतरंजी टाकली, टेप लावला. 'मालक वढते नांगर' आलं आणि मला हसू फुटलं. मी काय करू? ते हसायचंच आहे! सगळ्या बायका माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जशी मी तेरवीत, तेराव्याच्या पंगतीत, शिट्टी मारली.

"लाज नाही वाटत व प्रतिभा?" आई डोळे पुसत म्हणाली. "सख्खा मामा बोलून राहिला तुझा."

"तो हसवून राहिला आई! तुम्ही रडून राहिल्या!"

"चूप. देवाचं असते ते आता."

देवाचं? मामा? जो मामा आरतीच्या वेळी चिंधूकाकांच्या खिशात बेडूक सोडायचा?

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी मोहगावला गेले. सावसरला बस बदलावी लागते, आणि बदललेल्या बसमध्येही ड्रायव्हरनं तीच कॅसेट लावलेली, आवाज बारीक, आरशाला झेंडूची फुलं. मामीच्या घरी पोचले तर ती ओसरीवर सरकी निवडत बसली होती. शेजारी टेपरेकॉर्डर. बंद.

"तूही रडाले आली का?" मामीनं विचारलं.

"नाही मामी. मी हसले तर आईनं झापलं."

मामीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "कुठं हसली?"

"मालक वढते नांगर."

"मी कावळ्यापाशी हसतो," मामी म्हणाली. आमच्याकडे बायाही कधी कधी असं 'हसतो' म्हणतात. मग तिनं सूप पार बाजूला सारलं. आणि एकदम बोलायला लागली.

"पाह्य ना प्रतिभा. लोक येतात, पाया पडतात, जातात. एकही म्हनत नाही का गुणवंतानं चिंधूले काय हानलं! त्यानं हे रडाले नाही भरून ठेवलं. झडतीले उत्तर लागते. पोळ्याले तोरनाखाली लावा म्हनला होता तं लावा. चिंधूभाऊनं उत्तर देल्लं तं ठीक. नाही तं मी सुरेशभाऊले सांगतो, बंद करा, साऱ्या कॅसेटी वापस आना. माहा मानूस मले भजनात नाही बसवायचा."

"बंद? सगळ्या?"

"साऱ्या."

मामी बोलते थोडं आणि करते सगळं. मामाचा आवाज तेवढाच उरला होता, तोही पेटीत जाणार!

मी तशीच चिंधूकाकांच्या मळ्यात गेले. ते संत्र्याच्या झाडाखालचं गवत काढत होते. मला पाहिल्यावर उठले, डोक्याचा पंचा काढला. हे एक नवीनच. मामा होता तेव्हा मला पाहून ते 'आली दुश्मनाची भाची' म्हणायचे.

"काका, पोळ्याला मामाची झडती लागणार आहे. तुम्हाला उत्तर द्यावं लागते."

"नाही बाई."

"काऊन?"

"मेलेल्या मानसाशी भांडू का मी? लोक काय म्हनतीन?"

"तो होता तेव्हा तं तुम्ही त्याला रेडा म्हणलं होतं. भर तोरणाखाली!"

"जित्याले म्हनलं व. जित्याले काहीबी म्हनता येते." ते खुरपं मातीत रोवून बसले. "म्या हात जोडीन आन बैल माघारी नेईन. हारलो म्हनीन. तेवढाच त्याचा मान."

"त्याला मान नको होता काका, त्याला तुमचं तोंड पाहायचं होतं!"

त्यांनी खुरपं उपटलं आणि परत गवताला लागले. मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, परत जाताना मागे पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं.

मग मी ठरवलं की उत्तर मीच देणार. हसू नका. पंधरा ऑगस्टला मी शाळेत सूत्रसंचालन केलं होतं, चौथीपासून बारावीपर्यंतच्या सगळ्या पोरांसमोर, आणि तहसीलदारसाहेब माझ्या एका वाक्याला स्वतःहून टाळी वाजवून गेले होते. त्याच्या आधी मी वर्गात 'हजर'सुद्धा बाईंना दोनदा विचारावं लागेल इतकं हळू म्हणायची. पण एकदा माइकमधून आपला आवाज समोरच्या भिंतीला लागून परत आला ना, की मग माणूस पहिल्यासारखा राहत नाही. मी दोन दिवस झडती बनवली, आंघोळ करताना म्हटली, भांडी घासताना म्हटली. एकदम फक्कड जमली होती.

पोळा आला. मामाच्या घरी वर्षाच्या आत मौत झालेली, म्हणून सण धरलेला नव्हता. पुरण नाही, बैलांना झूल नाही. शेजाऱ्यानं मामाची जोडी नुसती धुऊन वरच्या आळीच्या रांगेत नेऊन उभी केली. मामी घरीच. मला मात्र जाता येत होतं, कारण मी पडले दुसऱ्या घरची पोर. निघताना मामी दारात उभी राहून म्हणाली, "इथवर भोंगा आयकू येते," आणि आत गेली.

तोरणाखाली रंगवलेली शिंगं, बेगडं, घामाचा आणि तेलाचा वास, आणि सगळं गाव. सुरेशभाऊ पांढुर्ण्याहून बॅटरी घेऊन आले होते, कारण लाइट सकाळपासून नव्हती. यशवंतराव पाटलांनी हात वर केला. सुरेशभाऊंनी बटण दाबलं.

घुंगरमाळ छन्‌छन्‌. आणि मामा.

काय सांगू! पहिल्या शब्दाला मामाच्या जोडीतल्या ढवळ्यानं कान टवकारले आणि मान वळवून भोंग्याकडे पाहिलं. झालं. बाया हुंदके द्यायला लागल्या. माणसांनी टोप्या काढल्या. चार शिंगं आली, गेली. नांगर आला, गेला. कावळा बिचारा तारेवर बसून विचारतोय आणि खाली सगळं गाव हात जोडून! 'हर हर महादेव' झालं, शेवटी माझी ती वेडी घुंगरमाळ वाजली आणि संपलं. कोणी आरोळीही दिली नाही.

चिंधूकाका पुढे आले. मान खाली. त्यांनी भोंग्याला हात जोडले आणि मागे वळून बैलाची वेसण धरली.

"खालची आळी हारली," यशवंतराव हळूच म्हणाले. "बरं झालं. आता तोरन तोडू." आणि त्यांनी काठी उचलली.

तोरण तुटलं की झडती बंद. मग वर्षभर कोणी बोलायचं नाही.

मी धावले. पण कुठं धावले ते महत्त्वाचं. उत्तर समोरच्या आळीतूनच यावं लागतं ना! म्हणून मी मामाच्या बैलांसमोरून, वरच्या आळीसमोरून पळत जाऊन खालच्या आळीच्या रांगेत उभी राहिले, आणि सुरेशभाऊंच्या हातातला माइक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

"अव, ही गुणवंताची भाची नं?" कोणीतरी ओरडलं. "फितूर झाली का काय?"

"पोरीची जात झडती म्हनते का कुठं?"

"म्हनू द्या," यशवंतराव म्हणाले. बहुतेक ते गोंधळले होते. काठी तशीच वर.

मी सुरू केलं, दणक्यात!

"वर गेला गुणवंता, बसला ढगावर,
तिथून दगड मारते आमच्या बैलावर!
ढगात नाही कपाशी, ढगात नाही ज्वारी..."

आणि पुढचं गेलं. गेलं म्हणजे कुठंच नाही. दोन दिवस आंघोळीत पाठ केलेलं, एकदम साफ. समोर सगळं गाव, बैल, यशवंतरावांची काठी. मी म्हटलं, "ज्वारी..." परत म्हटलं, "ज्वारी..." आणि मग जे तोंडात आलं ते सोडून दिलं.

"आन तिथं नाही कोनतीच तरकारी! हर हर महादेव!"

एक बैल फुरफुरला. मग मागे कुठंतरी एक बाई फिस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

"तरकारी?"

हा आवाज माझ्या मागून आला. चिंधूकाका. वेसण सोडून ते माझ्याकडे चालत येत होते, तोंड लाल.

"झडतीत तरकारी? अव पोट्टे, ढगात तरकारी नाही हे काय उत्तर झालं? कावळा कुठं गेला? लाइट कुठं गेली? माह्या बैलाच्या शिंगाचं काय केलं तू?"

"मग तुम्ही द्या ना काका!"

"माह्या आळीकडून असं उत्तर जाते का? गुणवंता काय म्हनंन, का चिंध्यानं पोट्टी उभी केली आन तिनं तरकारी इकली? दे इकडं!"

त्यांनी माइक घेतला. एकदा भोंग्याकडे पाहिलं. मग पंचा कमरेला आवळला, जसा दरवर्षी आवळायचे.

"वर गेला गुणवंता, लेक मोठा हुशार,
झडती फेकून खाली, वर झाला पसार!
हारायच्या भेवानं पळाला सरगात,
तिथंबी टोमने मारते देवाच्या दरबारात!
देव म्हन्ते, 'गुणवंत्या, थांबव तुही टेप,
नंदीले हासू आलं, थांबेना त्याची शेप!'
लाइट पुसतं लेका? तुह्या तेरवीले गेली,
तुही टेप वाजवाले बॅटरी उसनी आनली!
येजो पुढच्या पोळ्याले, जागा ठेवली खाली,
उत्तर घेऊन येजो, नाही तं बारी गेली!
हर हर महादेव!"

आधी कोणाला कळेचना की हसायचं की नाही. तेरवीचं नाव घेतलं होतं ना! आणि मग गावाच्या दुसऱ्या टोकाकडून, मामीच्या घराकडून, एक आरोळी आली. बाईच्या आवाजात.

"हर हर महादेव!"

मग काय विचारता! गाव फुटलंच. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होती, 'नंदीची शेप, नंदीची शेप' म्हणत होती. मघाशी रडणाऱ्या बायाच सगळ्यात मोठ्यानं. "लाव रे परत!" असं चारी बाजूंनी सुरू झालं, आणि सुरेशभाऊंनी मामाची झडती परत लावली. या वेळी चार शिंगांना हशा, नांगराला शिट्ट्या, आणि कावळ्यानं विचारलं तेव्हा सगळ्या वरच्या आळीनं मामाबरोबर ओरडून विचारलं, लाइट कधी येणार! चिंधूकाकांनी त्यालाही उत्तर दिलं, नवीनच, तिथल्या तिथं. यशवंतरावांचा हात दुखायला लागला तेव्हा कुठं तोरण तुटलं.

बैल घरोघरी निघाले. चिंधूकाकांनी आपली जोडी पहिल्यांदा मामीच्या दारात नेली. सण नव्हता, म्हणून मामीनं ताट केलं नाही. तांब्याभर पाणी आणलं आणि बैलांच्या पायांवर घातलं. मग एका बैलाच्या कपाळावरून हात फिरवत शिंगांकडे नीट पाहिलं.

"दोनच दिसून राहिले, भाऊ."

"दोन उधार दिले वहिनी," चिंधूकाका म्हणाले, आणि बैलाच्या पाठीवरची झूल उगाच नीट करायला लागले. मामीनं उरलेल्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे केला.

"आरोळी तुमचीच होती ना मामी?" मी विचारलं.

"कोन? मी? मी तं सरकी निवडत होतो." आणि मग, "तुही तरकारी मात्र वाईट होती व."

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून खरीखुरी दगडफेक, म्हणून आईनं मला मोहगावलाच ठेवलं होतं. बरं झालं. तान्ह्या पोळ्याला गावातली सगळी लहान पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत निघाली आणि दारोदार एकच झडती. ज्याला नीट बोलताही येत नाही तोसुद्धा, "चिंदूच्या बैलाले चिंगं चाल!" सुरेशभाऊंकडे तर म्हणे तिगावहून दोन माणसं आली, चिंधूकाकांचं उत्तरही भरून द्या म्हणत. नवीन कव्हर छापायचं ठरलं. हार नको, उदबत्ती नको, मामाचा तो फोटो टाका ज्यात तो जत्रेत जिलेबी खातोय, असं मामीनं सांगून पाठवलं. 'कै.' काढायचं की ठेवायचं यावर मात्र अजून वाद चालू आहे.

संध्याकाळी चिंधूकाका ओसरीवर आले. टेप चालू होता.

"वहिनी, बंद करा नं ते. सकाळपासून गावातलं शेंबडं पोट्टंही मले शिंगं मोजून दाखवून राहिलं. मळ्यात जाऊ देत नाहीत."

मामीनं टेपकडे हात नेला आणि आवाज मोठा केला.

"मंग उत्तर द्या नं, भाऊ," ती म्हणाली. "कोनी अडवलं?"

चिंधूकाकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामीकडे. मग खांबाला टेकून बसले, पंचा सैल केला आणि मान हलवत ऐकायला लागले. नांगर आला. कावळा आला. त्यांचे ओठ हलायला लागले. या वेळी मला बरोबर माहीत होतं की ते देवाचं नाव घेत नाहीयेत.